सुनेच्या आईला शब्द नाही

"लेकीच्या घरी आई ऱ्हायाला येती? आमच्या सात पिढ्यांत न्हाई असलं!" गोजाबाई म्हणाल्या.

"मग माझ्या आईला महाळुंग्याला एकटी मरू देऊ?" त्यांची सून शालन म्हणाली. "डोळ्यांनी दिसत नाही. परवा पदर चुलीत गेला."

"भावकी हाय की."

"भावकीनं पदर विझवला. रोज भाकरी कोण थापून देतंय?"

चिंचवडच्या दोन खोल्यांत हे सकाळपासून चाललं होतं. शालनचा नवरा अर्जुनराव देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला. आज सुटी, म्हणून चपलेचा अंगठा शिवत बसलेले. धाकटा दीर मुरारी पुण्याला भाषाशास्त्र शिकत होता. त्याला भांडणात ओढलं ते गोजाबाईंनीच.

"सांग रं तिला, त्या जुन्या बोलीचं."

संस्कृत, लॅटिन, रशियन अशा कितीतरी भाषा एकाच जुन्या बोलीतून फुटल्या, असं मुरारीनं मागे जेवताना सांगितलं होतं. ती बोली कुणी लिहून ठेवलेली नाही. तिच्या लेकी-नातींचे शब्द शेजारी शेजारी ठेवून विद्वान मूळ शब्द अंदाजानं बांधतात, आणि अंदाजाची खूण म्हणून शब्दाच्या आधी छोटी चांदणी काढतात. शालन हातातला घास विसरून ऐकत राहिली होती. शाळा चौथीपर्यंतच, पण प्रश्नांची खोड जुनी. तेव्हापासून ती भांडी घासताघासता विचारायची, "भावजी, सून?"

"संस्कृतात स्नुषा. रशियनमध्ये स्नोखा."

"आणि दीर?"

"देवृ. तिकडे देवेर."

"म्हणजे तिकडच्या बायांनाही तुमच्यासारखे आयतं जेवणारे होते!"

आज मुरारी चाचरत बोलला. "सासू, सासरा, दीर, जाऊ, सून, यांचे मूळ शब्द सापडतात. बायकोच्या आईबापांसाठी तसा पक्का शब्द सापडत नाही."

"ऐकलंस? हजारो वर्सं झाली, सुनंच्या आईला नाव सुदीक न्हाई!"

शालनचा राग क्षणभर बाजूला राहिला. "मग मुलगी नांदायला गेल्यावर तिची आई म्हातारपणी कुणाकडं जेवायची?"

"शब्दांवरून ते कळत नाही, वहिनी."

"आईला शब्द आहे? लेकीला?"

"आहेत की. अगदी पक्के."

"आन् आणलीस तरी ती खाईल व्हय?" गोजाबाई मध्येच म्हणाल्या. "नातवंड झाल्याबिगर लेकीच्या घरचं पाणी घेत न्हाईत."

शालनचं तोंड उतरलं. लग्नाला आठ वर्षं झाली होती, घरात पाळणा नव्हता. तिची आई सोजराबाई दोनदा आली होती, ती आपला पाण्याचा तांब्या आणि फडक्यात बांधलेली भाकरी घेऊन. ती भाकरीही दारातच बसून खाल्ली.

मग शालननं विचारलं, "आत्याबाई, तुमच्या लेकीच्या, आक्काबाईंच्या घरी तुम्हीही सुरुवातीला जेवत नव्हता ना? काय वाटायचं?"

गोजाबाईंना असं कुणी कधी विचारलं नव्हतं. "काय वाटनार? भूक लागायची," त्या म्हणाल्या. "ती ताट वाढून बसायची. मी उठून बाहेर जायाची. तिला वाटायचं, आई रुसली."

"आणि नातू झाल्यावर?"

"पैल्यांदा तिच्या हातची आमटी खाल्ली. खारट होती. दोनदा मागून घेतली."

अर्जुनरावांची सुई थांबली. बायकोकडे बघत ते काही बोलणार, तेवढ्यात शालन पदर खोचून उठली.

"उद्या सकाळच्या एसटीनं मी महाळुंग्याला जाते. आईला घेऊन येते. ती इथंच राहील आणि मी वाढीन ते जेवेल. भावजी, तुमची खाट आजच बाहेरच्या खोलीत घ्या."