पाचवं शील पहिलं

वणीला एका लग्नाच्या मंडपात मी शिडीवर चढून झालर बांधत होतो, तेव्हा मामींचा फोन आला. मामी सहसा फोन करत नाहीत. फोनवर मामांनी बोलायचं आणि काय बोलायचं ते मामींनी मागून सांगायचं, अशी त्या घरची पद्धत. त्या एवढंच म्हणाल्या, "प्रकाश, मामा उठून नाही राह्यले." मी शिडीवरूनच सांगितलं, "झोपू द्या ना थोडं." अंधारात उठून गल्ली जागी करणारा माणूस उन्हं अंगणात आली तरी उठत नाही, याचा अर्थ कळायला मला अर्धी झालर बांधून व्हावी लागली. मग मी शिडीवरच बसून राहिलो... खालून नवरीचा बाप ओरडत होता, की वर बसून काय बघून राह्यले.

घाटंजीला परत येताना बसमध्ये रडायला हवं होतं. पण डोक्यात पहिला विचार मामांचा आला नाही. विचार आला तो असा, की उद्या सकाळी मला शील कोण देणार? इतका मतलबी भाचा कोणाला मिळू नये.

आमच्या बौद्ध घरांत पंचशील बोलायला लागल्यापासून तोंडात असतं. लग्न असो की नामकरण, एक जण पुढे म्हणतो, बाकीचे मागून म्हणतात. पुढचा देतो, मागचे घेतात. त्यातलं पाचवं शील दारूपासून, नशेपासून दूर राहण्याचं. पौर्णिमेला विहारात म्हणणारा पाचव्या शीलापाशी आला, की आमच्या मागच्या रांगेत खोकल्याची साथ यायची. मी त्या साथीतला जुना रोगी. एकदा माझ्या पुढच्या चटईवरून यशवंतमामा मान वळवून म्हणाले, "भाचेबुवा, खोकून राह्यले का म्हणून राह्यले?"

मामांना हे विचारायचा हक्क होता. वणीच्या कोळशाच्या ट्रकवर ते ड्रायव्हर होते, तेव्हा त्यांची दारू सगळ्या नातेवाइकांत नाव काढून होती. ट्रक गेला, लायसन गेलं, मामी माहेरी गेल्या आणि काही वर्षांनी परतही आल्या. मामांनी कधी सोडली, कशी सोडली, हे मला कोणी नीट सांगितलं नाही. मला आठवतात ते त्यानंतरचे, पंक्चरच्या दुकानात ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधणारे मामा. 'किती वर्सं झाले सोडून?' असं कोणी कौतुकानं विचारलं, तर ते हात न थांबवता म्हणायचे, "आज सकाळीच सोडली." एकदा यवतमाळला दवाखान्यात डॉक्टरांनाही त्यांनी हेच सांगितलं. डॉक्टरांनी त्यांच्या लिव्हरवरून अर्धा तास व्याख्यान दिलं आणि मामांनी मान खाली घालून पूर्ण ऐकलं. बाहेर आल्यावर मी चिडलो. ते म्हणाले, "बोलू दे ना. चांगलं बोलून राह्यला होता."

माझा धंदा मंडप-डेकोरेशन आणि लाउडस्पीकरचा. लग्नाच्या आदल्या दिवशी मंडप उभा करायचा आणि वऱ्हाडातल्या कोणाच्या तरी खोलीत बसून पाहुणचार घ्यायचा, असा माझा क्रम होता. एकदा क्रम उलटा झाला. आधी पाहुणचार झाला आणि मग मी मंडप टाकला तो नवरीच्या घरापासून दोन घरं सोडून, एका निवृत्त तलाठीबुवांच्या दारात. ते एकटेच राहत. सकाळी उठून त्यांनी दाराला लावलेली केळीची पानं पाहिली, चौघडा ऐकला आणि शांतपणे म्हणाले, "निदान मले तरी विचारायचं होतं." अख्खं गाव हसलं. माझी बायको हसली नाही. तिनं मुलीला घेतलं आणि भावाकडे राहायला गेली. 'दारू सुटली तरच येईन' असं सांगून गेली.

त्यानंतर मी मामांच्या दुकानात जाऊन बसलो. उपदेश होईल म्हणून तयारीनं गेलो होतो. मामांनी माझ्या हातात झाडू दिला आणि म्हणाले, "सकाळी विहारात ये. अंगण झाडायले माणूस नाही."

तेव्हापासून रोज झुंजूमुंजू होताना आम्ही दोघं विहारात. झाडून झालं की मामा बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावत आणि मला शील देत. पण त्यांची एक खोड होती. ते पाचवं शील आधी देत, मग पहिल्यापासून चार. मी म्हणालो, मामा, क्रम चुकते. ते म्हणाले, "चोरी तू करत नाही, तेवढी हिंमत नाही तुयात. घराले आग तिथं लागली, अन् पाणी कायले इकडं टाकू?" आणि हे शील फक्त त्या दिवसापुरतं. जन्मभराची शपथ घेतो म्हटलं तर ते हसायचे. "जन्मभराची मीही लय वेळा घेतली बाप्पा. संध्याकाळपर्यंत नाही टिकली."

या सवयीनं माझा एकदा चांगलाच घात केला. कळंबच्या एका लग्नात शील म्हणणारे गृहस्थ गाडी बंद पडल्यानं अडकले. माईक माझाच, तेव्हा लोक म्हणाले, तुम्हीच म्हणा. मी खणखणीत आवाजात सुरुवात केली ती थेट पाचव्या शीलानं. मंडप मागून म्हणाला. मग पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं झालं आणि घाबरून मी पाचवं पुन्हा घेतलं. नवरदेवाचा काका पुढे येऊन हळूच म्हणाला, "भाऊ, आमच्या पोरावर एवढा संशय काहून?" मामांना सांगितलं तेव्हा ते हसता हसता पंक्चरच्या पाण्यात हात घालून बसले.

मधे एकदा मी घसरलो. पोळ्याचं निमित्त झालं, मित्र झाले, काय झालं ते महत्त्वाचं नाही. दुसऱ्या दिवशी विहारात जायची लाज वाटली, म्हणून घरीच पडून राहिलो. ऊन तापल्यावर मामा सायकल ढकलत आले. खाटेपाशी उभे राहिले, वास आलाच असेल. म्हणाले, "कालचं मोडलं. आजचं घे." मी तोंड फिरवलं. ते तिथंच खाटेच्या कडेला बसले आणि म्हणू लागले. मी म्हणेना, तर पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा मी म्हणालो. त्यानंतर ते एका शब्दानं त्याबद्दल बोलले नाहीत. पुढे बायको-मुलगी परत आल्या तेव्हाही त्यांनी फक्त मुलीच्या सायकलचं पंक्चर काढून दिलं.

आता सांगायचं ते मामा गेल्यानंतरचं. विहारात एकटा जाऊ लागलो. अंगण झाडलं, मेणबत्ती लावली आणि म्हणायला तोंड उघडलं, की पुढे जाईना. देणाराही मीच आणि घेणाराही मीच, हे काही जमेना. एकदा तर मोबाइलवर माझाच आवाज भरून तो समोर ठेवला. माझ्या आवाजाला मी चांगला ओळखतो, त्याच्यावर कसा विश्वास ठेवू? मग दोन-तीन दिवस गेलोच नाही. चौथ्या सकाळी पाय आपोआप बसस्टँडकडच्या दारूच्या दुकानापाशी गेले. शटर बंद होतं. मी तिथं उभा राहिलो, उघडायची वाट बघत. तेवढ्यात ओळखीचा रिक्षावाला थांबला, "इतक्या सकाळी कुठं?" म्हणालो, मामींकडे. आता बोललो म्हटल्यावर जावं लागलं. त्यानं नेऊनही सोडलं.

मामी न्हाणीजवळच्या चुलीपुढे होत्या. चुलीवर अंघोळीच्या पाण्याचा हंडा. घरात त्या एकट्या, हंडा मात्र दोघांचा. मी ओट्यावर बसलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तोंडाचा वास घ्यायला लाकूड सारायच्या निमित्तानं जरा पुढे वाकल्या आणि मागे झाल्या.

"विहारात नाही गेला?"

"कोणासाठी जाऊ मामी? देणारा कोण आहे?"

"अन् त्यायले कोण देत होतं?" त्या जाळ पुढे सारत म्हणाल्या. "विहारात तुयाकडे यायच्या आधी इथं बसत, त्या पाटावर. पाणी तापेपर्यंत. मी म्हणो, ते मांगून म्हणत. मी माहेरून आली त्या दिवशीपासून. ताप असो का पाऊस असो... त्या दिवशीही पाणी तापलं होतं."

मी इतकी वर्षं समजत होतो, की मामांना कोणी द्यावं लागत नाही. त्यांच्याकडे ते आहेच. पाट भिंतीला टेकवून ठेवला होता. मामींनी तो पायानंच आडवा केला.

"मले बाकीचे येत नाही," त्या म्हणाल्या. "पाचवंच येते. म्हणू का?"

मी पाटावर बसलो. त्यांनी म्हटलं. मी मागून म्हटलं. दोन ठिकाणी मी अडखळलो, त्या थांबल्या, पुन्हा म्हणाल्या. हंड्यातलं पाणी खळखळायला लागलं होतं. पदरानं हंडा धरून त्यांनी तो उतरवला, अर्धं पाणी माझ्यासाठी बादलीत ओतलं आणि म्हणाल्या, "उद्या जरा लवकर ये. लाकडं जळतात फुकट."

आता मी रोज आधी त्या पाटावर बसतो, मग विहारात जाऊन अंगण झाडतो.