देवीच्या दिवशीची हजेरी

"सही? तूं? तुमच्या वाड्यार सही कोण करता गो? आंगठो मार."

साहेबाने माझ्या हातातलं पेन हिसकावलं. माझा अंगठा धरला, शाईच्या पॅडवर दाबला, हजेरीपटावर उठवला. मग तोच अंगठा धरून माझ्याच गालावर शाई फासली. "ही पळय तुजी सही." पगाराच्या रांगेतली माणसं हसली. कोणी भीतीने हसलं, कोणी मनापासून. माझा बाप माझ्या मागेच उभा होता. तोही हसला.

मी नववी पास होते. आई अंथरुणाला खिळली म्हणून शाळा सुटली आणि मी बापाबरोबर कालव्याच्या कामावर घमेली उचलायला गेले. गोव्याला नुकताच राज्याचा दर्जा मिळाला होता. पेडण्यात, डिचोलीत जिकडेतिकडे जमीन खणली जात होती. आमच्या कालव्यावरचा साहेब बांधकाम खात्याचा इंजिनियर. आमच्या भागात तोच सरकार.

पुढच्या पगाराला मी अंगठा दिला नाही. म्हटलं, सही करीन, नाहीतर पैसे नकोत. "नाका जाल्यार वच," साहेब म्हणाला. मान वरही केली नाही. मी गेले. बाप कामावर राहिला. कोणीतरी राहायलाच हवं होतं.

घरी बसून एकच विचार करत होते. माझ्या सहीने ह्या माणसाचं काय बिघडणार होतं? एकदा बाप जेवता जेवता सहज बोलून गेला, "आंगठो चार-पाच कडे मारूक लागता. कारकून सांगता, सरकारक प्रती जाय." माझा घास हातातच राहिला. प्रती कसल्या? सगळे अंगठे सारखेच काळे. कुठल्याही खोट्या नावापुढे उठवा, त्याचा पगार खिशात घाला, ओळखतो कोण? सही मात्र ओळखू येते. त्या दिवशी माझ्या गालाला शाई लागली ती उगाच नव्हे.

पणजीला गेले. दक्षता खात्यातल्या कारकुनाने माझा अर्ज दोन बोटांनी उचलला. "हें मराठी? कोंकणींत वा इंग्लीशींत घेवन यो." मी म्हटलं, कायद्यात मराठीही चालते, वाचून बघा. त्याने वाचला नाही, पण ठेवून घेतला. मी पुन्हा गेले. पुन्हा गेले. शेवटी एका फौजदाराने मला खुर्ची दिली. सरकारी कचेरीत मिळालेली माझी पहिली खुर्ची.

पुढे तो फौजदार हजेरीपट घेऊन गावाबाहेरच्या आमच्या वाड्यावर आला आणि पिंपळाखाली बसून नावं वाचू लागला. निम्मी नावं आमच्यापैकी कोणी ऐकलेलीच नव्हती. फौजदार म्हणाला, "ह्याने काही होणार नाही. घाटावरचे मजूर होते, गावी गेले, असं सांगतील." मग त्याने एक तारीख वाचली. सगळा वाडा हजर. माझा बाप हजर. दिवसभर खणकाम.

म्हाताऱ्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. एकजण म्हणाली, "तो दिवस देवयेच्या जत्रेचो न्हय?"

बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्या गावात सातेरीच्या जत्रेला जमिनीत लोखंड घालत नाहीत. शेत नाही, विहीर नाही, घराचा पाया नाही. त्या दिवशी देवी जमिनीतून वर येते, तिला घाव लागतो, असं मानतात. मला हे पटतं की नाही, तो भाग वेगळा. गाव पाळतं. जत्रा तिथीवर येते, सरकारी सुट्ट्यांच्या यादीत ती नसते. पणजीत बसून हजेरी भरणाऱ्या कारकुनाला तो साधा वार दिसला. त्याने भरून टाकला.

आणि साहेब? साहेब त्या दिवशी आमच्याच देवळात होता. देवळाचा कारभार बघणाऱ्या महाजनांनी त्याला शाल-नारळ दिला. त्याने लाउडस्पीकरवरून शुद्ध मराठीत भाषण ठोकलं, "आज देवीचा दिवस. आज कालव्यावर कुदळ-पिकास पडणार नाही. मी स्वतः काम बंद ठेवलं आहे." टाळ्या पडल्या. आमचा वाडा देवळाबाहेर दोरीपलीकडे उभा होता. माझ्या बापाला त्याने आपली पायताणं राखायला बसवलं होतं. मजुरांना त्या दिवसाचा पगार नव्हता. सरकारच्या तिजोरीतून मात्र तो निघाला होता.

गुन्हा नोंदवला गेला आणि बापाचंही काम गेलं. सरकारी माणसावर खटला भरायला सरकारचीच मंजुरी लागते. ती फाईल कित्येक पावसाळे पडून राहिली. तेवढ्यात साहेबाला बढती मिळाली. अखेर मंजुरी आली, खटला उभा राहिला. आणि खाई त्याला खवखवे! एका संध्याकाळी साहेब आमच्या घरी आला.

वाड्यावर तो पहिल्यांदाच येत होता. दारापुढच्या खळ्यात उभा राहिला. "बाय, जालें तें जालें. म्हजीं भुरगीं-बाळां आसात." मग त्याने बापाकडे बघितलं. "खोट्या नांवांमुखार तुजेच आंगठे आसात रे. तूंच पयलो भितर वतलो." बाप आपल्या अंगठ्याकडे बघू लागला. त्याच अंगठ्यावर मी आयुष्याचा डाव लावला होता.

एवढ्यात आई भिंतीला धरून बाहेर आली आणि तिने साहेबापुढे पाण्याचा पेला, आमच्या भाषेत कोप, धरला. दारात आलेल्याला पाणी देतात, एवढंच तिला ठाऊक. साहेबाने कोपाकडे बघितलं. हात पुढे केला नाही. "नाका. तान ना."

घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. तो आमच्याकडे भीक मागायला आला होता. तरी आमचं पाणी त्याला चालेना.

बापाने आईच्या हातातला कोप घेतला आणि पाणी खळ्यात ओतलं. साहेबाच्या पायाशी. माझ्या बापाने जन्मात कोणाला वर मान करून उत्तर दिलं नव्हतं. तो म्हणाला, "चल, सायबा. कोर्टात आंगठो दाखवतंय."

कोर्टात त्याने दाखवला. खोट्या नावांपुढचे ठसे आपलेच, कारकुनाने प्रती म्हणून उठवून घेतलेले, असं सांगितलं. न्यायाधीशांनी विचारलं, जत्रेच्या दिवशी तुम्ही कुठे होता? "सायबाची पायताणां राखत होतंय." मग माझी पाळी. साहेबाचा वकील हसून म्हणाला, "बाई, तुमच्या गालाला शाई लागली, त्याचा तुम्ही सूड उगवताय." मी म्हटलं, "होय. सूडच आहे. पण खोटं नाही." ते लिहून घेतलं गेलं.

महाजनांपैकी आमच्या बाजूने कोणी आलं नाही. एक आला, तो साहेबाच्या बाजूने. साहेब किती धार्मिक, किती सज्जन, हे सांगायला. सरकारी वकिलाने त्याला एकच विचारलं, त्या दिवशी कालव्यावर काम होतं का? महाजनाने छाती फुगवली. "छे! देवीच्या दिवसा आमच्या गांवांत जमनीक पिकास लागना. सायबानच काम बंद केल्लें, आमी सगळ्यांनी आयकलां."

साहेबाने डोळे मिटले. मी मिटले नाहीत. मला बघायचं होतं आणि मी पोटभर बघितलं.

शिक्षा झाली. त्याच संध्याकाळी जामीनही झाला. वरच्या कोर्टात अपील आहे. साहेब आता निवृत्त आहे, काठी घेऊन चालतो. गावातली शहाणी माणसं मला समजावतात, म्हातारा झाला, सोड आता, देव बघून घेईल. देव बघत असेल तर बघो. मी बापाला मातीआड केलं तेव्हाही खटला चालूच होता. त्याला कोणी म्हातारा म्हणून सोडलं नव्हतं.

मी माफ करणार नाही. प्रत्येक तारखेला पहाटेच्या बसने जाते आणि त्याने मान वर केली की दिसेन, अशा बाकावर बसते. त्याच्या मुलाने मला एकदा विचारलं, "तुम्हाला अजून काय हवंय?"

मी म्हटलं, "तो आत जायला हवा. काठी घेऊन गेला तरी चालेल."