इल्फर्डमधली हिरवी ओल्ड्समोबिल

पुरुषोत्तम कर्णिक लंडनमधल्या इल्फर्डला राहायचे, बस डेपोत मेकॅनिक होते. सत्त्याहत्तर साली मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकन सैनिकाकडून त्यांनी हिरवी ओल्ड्समोबिल घेतली. ती कंपनी तेव्हा वर्षाला दहा लाख गाड्या विकत होती. स्टिअरिंग डावीकडे, म्हणून बायको श्यामला उजवीकडे बसायची. समोरून येणाऱ्यांना वाटायचं, हीच गाडी चालवतेय. मग ती मुद्दाम दोन्ही हात वर करून अंबाडा बांधायला घ्यायची.

त्यांचं बघून मेडनहेडच्या रघुवीर चित्रेंनीही तसलीच गाडी घेतली. दर उन्हाळ्यात दोन्ही जोडपी समुद्रावर जायची.

पुढे अमेरिकेतच लोक जपानी गाड्यांकडे वळले. दोन हजारच्या डिसेंबरात ओल्ड्समोबिल बंद करणार असं जाहीर झालं. श्यामला आदल्याच महिन्यात गेली होती. बातमी सांगायला घरात कोणी नाही, हे पेपर हातात असताना पुरुषोत्तमरावांना लख्ख कळलं. त्यांनी रघुवीरना फोन लावला.

"शंभर वर्षांची कंपनी रे!"

"आपल्या दोघांच्या आहेत ना? बास झालं."

अडीच वर्षांनी रघुवीरही गेले.

दोन हजार चारच्या एप्रिलअखेर शेवटची ओल्ड्समोबिल कारखान्यातून बाहेर पडली. त्याच आठवड्यात रघुवीरच्या पत्नीचा, वीणावहिनींचा फोन आला. "भाऊजी, रविवारी यांचं वर्षश्राद्ध. मुलं येतायत. गाडी एकदा चालू करून द्याल?"

ते ट्रेनने गेले. फ्युएल पंप पार गेला होता. अमेरिकेहून नवा यायला महिना लागला असता. त्यांनी तो मागवला, पण घरी येऊन स्वतःच्या गाडीचा पंप काढला, फडक्यात गुंडाळला आणि शनिवारी पुन्हा मेडनहेड गाठलं.

इंजिन दोनदा खोकून सुरू झालं. वीणावहिनी दारातच थबकल्या. "सकाळी उठल्यावर हे अस्सेच खाकरायचे," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

जूनमध्ये त्यांचा पुन्हा फोन आला. "भाऊजी, गाडी विकली हो. चालू होती म्हणून लगेच गिऱ्हाईक मिळालं. तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?"

"छे हो. नुसती उभी राहून सडण्यापेक्षा बरं झालं."

नवा पंप तोवर येऊन पडला होता. बसवणं अर्ध्या तासाचं काम. पण जायचं कुठे, आणि कुणाला घेऊन? खोकं जिन्याखालीच राहिलं.

मुलगा उदय मँचेस्टरहून दर रविवारी फोन करायचा. "बाबा, गाडी चालते ना?"

"चालते की," ते म्हणायचे, आणि तिकडच्या हवेची चौकशी करायचे.