सव्वीस चिंचोके, वर अठ्ठावन्न

सेलूच्या जिनिंगमध्ये कापूस निवडणाऱ्या बायनाबाईला शंभरापर्यंत मोजता येत होतं. त्यापुढं मोजायची तिच्यावर कधी वेळ आली नव्हती. तिचा नवरा आश्रुबा रेल्वेत गँगमन होता. तो आडवी गिटार वाजवायचा. मांडीवर ठेवून, डाव्या हातातला पोलादी तुकडा तारांवरून सरकवत. सेलूत हे वाद्य दुसऱ्या कुणाकडं नव्हतं, त्यामुळं तो चांगला वाजवतो की वाईट, हे सांगणारंही कुणी नव्हतं.

गिटार आली होती सिकंदराबादहून. लग्नानंतरची नऊ वर्षं दोघं तिथल्या रेल्वे क्वार्टरात राहिले. जवळच विल्सनसाब म्हणून इंजिन ड्रायव्हर राहायचे, आश्रुबा वाजवायला शिकला तो त्यांच्याकडंच. १९६९ साली विल्सनसाब सगळं घरदार घेऊन कायमचे ऑस्ट्रेलियाला निघाले. जाताना गिटार त्यांनी आश्रुबाच्या हातात दिली. तिच्याबरोबरच्या दोन लाकडी पेट्या मात्र बायनाबाईच्या पुढ्यात ठेवल्या. एकीत स्पीकर होता, दुसरीत ॲम्प्लिफायर. आत काचेचे पाच व्हॉल्व्ह, जुन्या रेडिओत असतात तसले.

"आश्रुबा कू बोलके फायदा नै," विल्सनसाब म्हणाले. "बाई, तुम सुनो."

आश्रुबा तिथंच उभा होता. त्याला राग आला नाही, कारण त्याचं लक्ष गिटारीकडं होतं.

"पैला खटका दबाव. सौ तक गिनो. बाद में दुसरा खटका. बंद करते वखत दुसरा पैले, पैला बाद में."

मग बाकीचं सांगितलं. स्पीकरची वायर लावल्याशिवाय पेटी चालू करायची नाही. फ्यूज गेला तर फ्यूजच घालायचा, तार गुंडाळायची नाही. गरम असताना पेटी हलवायची नाही. बंद केल्यावरही आत हात घालायचा नाही, करंट बराच वेळ दबा धरून असतो. आणि मोठ्या व्हॉल्व्हच्या काचेतला पत्रा लालभडक झाला, तर समोर काहीही चाललेलं असो, त्या क्षणी बंद. हे सगळं का करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. तिनं ते तीनदा म्हणून दाखवलं. विल्सनसाब "शाबास" म्हणाले, दोन जादा व्हॉल्व्ह फडक्यात बांधून दिले आणि चार दिवसांनी गेले.

पुढच्या वर्षी आश्रुबाची सेलूला बदली झाली. तिथं भगवानराव गुरुजींची गायन पार्टी होती. गुरुजी प्राथमिक शाळेत शिक्षक. जयंतीला, बुद्ध पौर्णिमेला, लग्नकार्यात त्यांची पार्टी बाबासाहेबांची गाणी गायची. बाजाची पेटी, ढोलकी, टाळ होतेच. आता त्यात गिटार आली. पहिल्या कार्यक्रमाला गुरुजींनी विचारलं, "मशीन कोन चालवनार?" आश्रुबानं बायकोकडं बोट केलं. गुरुजींनी दुसऱ्या कुणाकडं बघून पाहिलं. पण दुसरं कुणी नव्हतं.

चार वर्षं बायनाबाई मशीनवर बसली. एसटीच्या टपावर तिनं ते कधी चढवू दिलं नाही. मांडीवर घ्यायची आणि कंडक्टरशी भांडायची. घरी कोरड्या फडक्यानं पुसायची, आत झुरळ शिरू नये म्हणून मागच्या बाजूला धोतराचं फडकं ताणून बांधायची. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी अर्धा तास नुसतंच चालू ठेवायची, ओल धरू नये म्हणून. व्हॉल्व्हच्या काचेवर आतून चांदीसारखा डाग असतो. तो दुधासारखा पांढरा झाला की आत हवा शिरली, व्हॉल्व्ह मेला, एवढं तिला कळत होतं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ती पाचही डाग बघून घ्यायची.

१९७४ सालची बुद्ध पौर्णिमा. गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावला बौद्ध वस्तीत कार्यक्रम होता. त्याच आठवड्यात वस्तीला वीज आली होती, म्हणून तालुक्याचे पुढारी आबासाहेब भाषणाला येणार होते. सकाळी दहाला मंडपात पार्टी बसली. मेचं ऊन, वर पत्रे. आबासाहेबांना पुढं आणखी दोन गावं होती. ते आले ते थेट माइकसमोरच उभे राहिले. गावात दुसरा लाउडस्पीकर नसल्यामुळं त्यांचा माइकही गिटारीच्याच मशीनला जोडला होता. बायनाबाईला ते पसंत नव्हतं.

"चालू करा की, बाई," आबासाहेब म्हणाले.

बायनाबाईनं उत्तर दिलं नाही. ती बासष्टवर होती.

"बाई, तुमाला म्हनायलोय मी!"

ती सत्तरवर गेली. गुरुजी घामाघूम झाले. वस्तीतल्या झुंबरबाईनं, जिच्या दारात मंडप होता, आबासाहेबांना पाणी दिलं. त्यांनी ते प्यायलं तोवर शंभर झाले. बायनाबाईनं दुसरा खटका दाबला आणि म्हणाली, "बोला आता."

आबासाहेब पाऊण तास बोलले. विजेवर बोलले, विहिरीवर बोलले, मग रस्त्यावर आले. "आन् म्हनून बांधवांनो, आज या ठिकाणी मी तुमाला शब्द देतो की—"

तेवढ्यात उजवीकडच्या मोठ्या व्हॉल्व्हमधला पत्रा लाल झाला. बायनाबाईनं दुसरा खटका बंद केला, मग पहिला.

आबासाहेबांचे ओठ हलत राहिले. पुढच्या दोन रांगांना काही ऐकू गेलं असेल तर असेल. पण पुढच्या दोन रांगांत लहान मुलं होती. आबासाहेबांनी नेमका कशाचा शब्द दिला हे राणीसावरगावात आजवर कुणालाही माहीत नाही.

"अवं, चालू करा!" गुरुजी धावत आले.

"दिवा लाल झालाय," बायनाबाई म्हणाली. "गार होऊ द्या. दुसरा घालते."

"साहेब बोलायलेत!"

"बोलू द्या की. मी काय त्यांचं तोंड धरलंय?"

आबासाहेब मोटारीत बसून निघून गेले. वीस मिनिटांनी बायनाबाईनं फडक्यातला व्हॉल्व्ह काढून बसवला, शंभर मोजले, आणि मग दीड वाजेपर्यंत गाणी झाली. गाणी चांगली झाली. झुंबरबाईनं तिला जेवायला आपल्याशेजारी बसवलं आणि भाषण थांबवल्याबद्दल जादा भाकरी वाढली.

परतीच्या वाटेवर, गंगाखेडच्या फलाटावर, गुरुजी आश्रुबाला म्हणाले, "पुढच्या येळेपासून मशीनवर वैजीनाथ बसंल."

वैजीनाथ म्हणजे जिनिंगमधला वायरमन. वय पस्तीस, खिशात टेस्टर, बोलणं कमी. माणूस वाईट नव्हता. आश्रुबानं बायकोकडं बघितलं. बायनाबाई मशीन मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "बसू द्या." आणि सेलूपर्यंत मशीनवरचा हात काढला नाही. तिला वाईट वाटलं होतं, पण नेमकं कशाचं, ते तिलाही लावता येईना. आपण चुकलो नाही हे तिला पक्कं माहीत होतं, आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता.

वैजीनाथला तिनं सगळं सांगितलं, विल्सनसाबनं सांगितलं होतं तसंच. त्यानं मान हलवली. मोटारींचं काम करणारा माणूस. पेटीभर मशीन त्याला ते काय अवघड.

त्या वर्षीच्या दसऱ्याला, दीक्षेच्या वर्धापन दिनाचा कार्यक्रम पिंगळीला होता. बायनाबाई बायकांत बसली होती. चौथ्या गाण्याला ढोलकीवाल्याचा पाय स्पीकरच्या वायरीत अडकला आणि वायर निघाली. आवाज गेला. वैजीनाथला वाटलं, आवाज कमी पडलाय. त्यानं बटण पूर्ण फिरवलं. आश्रुबालाही तसंच वाटलं. त्यानं तारा जोरात छेडल्या. बायनाबाईला वास आला. ती उठली, चार बायका ओलांडून निघाली. पण ती पोचेपर्यंत आतून चटचट आवाज झाला आणि बांधलेल्या फडक्यातून धूर निघाला. दोन्ही खटके तिनंच बंद केले. वैजीनाथ हातात स्पीकरची वायर घेऊन उभा होता. कार्यक्रम ढोलकीवर पार पडला.

परभणीच्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं मशीन उघडून बघितलं. व्हॉल्व्ह धड होते. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामधला छोटा ट्रान्सफॉर्मर जळला होता. "ह्यो पार्ट मिळायचा न्हाई," तो म्हणाला. "पेटी चांगलीय. कपडे ठेवा."

बायनाबाई जळका ट्रान्सफॉर्मर रुमालात बांधून सेलूच्या बन्सीधरकडं गेली. बन्सीधर शेतावरच्या पंपांच्या जळलेल्या मोटारी भरून द्यायचा, म्हणजे आत नवी तार गुंडाळायचा. त्यानं रुमाल सोडला, आणि पुन्हा बांधला.

"बाई, ही तार केसासारखी हाय. किती वेढे हाईत ते मोजल्याबिगर भरता येत न्हाई. आन् मला इतकं मोजायला सवड न्हाई."

"मी मोजून आनते."

"दोन-तीन हजार असतील."

"असू द्या."

जिनिंगला आठवड्याची सुटी असायची. त्या दिवशी दुपारी ती दारात बसायची. ट्रान्सफॉर्मरचं लोखंड बन्सीधरनं काढून दिलं होतं. उरलेलं तारेचं रीळ तिनं चरख्याच्या चातीसारख्या काडीवर बसवलं. एका हातानं रीळ फिरवायचं, दुसऱ्यानं तार ओढायची, तोंडानं मोजायचं. शंभर झाले की गाडग्यात एक चिंचोका. जळलेली तार दर दोन-चार वेढ्यांना तुटायची. पण चार वर्षं कापसातून काडीकचरा वेचलेली बोटं. तुटलेलं टोक त्यांना न बघता सापडायचं. आश्रुबाला त्या वेळेत घरात बोलायची मनाई होती. तो रुळावर जाऊन बसायचा, म्हणजे सुटीच्या दिवशीही कामावरच.

तिसऱ्या आठवड्यात वैजीनाथ आला. बराच वेळ दाराबाहेर उभा राहिला. मग म्हणाला, "बायनाबाई, माझं चुकलं."

बायनाबाई थांबली. रीळ हातात तसंच. "चौसष्ट का पासष्ट?" ती म्हणाली.

"काय?"

"तुमी बोलला तवा मी चौसष्टवर होते का पासष्टवर?"

एकाच बाईचं दोनदा नुकसान करायची वैजीनाथची इच्छा नव्हती. तो खाली बसला, रीळ डोळ्यांजवळ धरलं आणि म्हणाला, "हे बगा, तारेच्या दर थराखाली कागद हाय. सगळे थर सारखे. एका थरात किती वेढे ते सांगा."

"एक चिंचोका आन् वर चाळीसच्या आसपास."

"म्हंजे एकशेचाळीस. मग हा थर सुरू करताना गाडग्यात किती होते?"

असं करत, थरात उरलेले वेढे मोजून, त्यांनी चौसष्ट ठरवलं. वैजीनाथ म्हणाला की आता मोजायची गरजच नाही. थर मोजायचे आणि गुणायचं. बायनाबाईला गुणाकारावर भरवसा नव्हता. तिनं शेवटपर्यंत मोजलं, आणि वैजीनाथ दर सुटीला येऊन शेजारी गप्प बसू लागला. काढलेले कागद तो ओळीनं रचून ठेवायचा.

मधली जाड तार वेगळी, ती अठ्ठ्याण्णव वेढे. बारीक तारेचे एकोणीस थर. वैजीनाथच्या गुणाकारानं दोन हजार सहाशे साठ. बायनाबाईच्या गाडग्यात सव्वीस चिंचोके, वर अठ्ठावन्न. दोनाचा फरक. दोघं गाडगं घेऊन बन्सीधरकडं गेले. त्यानं दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाईचं धरू. बाईनं मोजलंय, तुमी हिशेब केलाय."

नवी तार भरायला त्यानं पंधरा दिवस घेतले. मशीन त्याच्याच दुकानात जोडलं. आश्रुबा गिटार घेऊन मोटारींच्या ढिगावर बसला. स्पीकरची वायर बायनाबाईनं स्वतः लावली, ओढून बघितली, पहिला खटका दाबला आणि मोजायला लागली. व्हॉल्व्ह हळूहळू तांबूस उजळले. शंभराला तिनं दुसरा खटका दाबला.

मशीननं असा काही टाहो फोडला की समोरच्या हॉटेलातली गिऱ्हाइकं कपबशा घेऊन बाहेर आली. बायनाबाईनं तत्काळ बंद केलं. बन्सीधर म्हणाला, "गेलं." आश्रुबानं गिटार खाली ठेवली. तीन महिन्यांचे चिंचोके बायनाबाईच्या डोळ्यांपुढून गेले.

वैजीनाथ मात्र मशीनकडं डोळे बारीक करून बघत होता. "मोटार उलटी फिरली तर आपन काय करतो?" त्यानं बन्सीधरला विचारलं.

"दोन वायरी बदलतो."

"मग बदला की."

आतला करंट उतरेपर्यंत बायनाबाईनं त्यांना हात लावू दिला नाही. एक चहा झाला. मग त्यांनी ट्रान्सफॉर्मरच्या दोन वायरी उलट-सुलट केल्या. पुन्हा शंभर. दुसरा खटका. या वेळी नुसती बारीक गुणगुण. आश्रुबानं जाड तार छेडली, पोलाद सरकवलं, आणि आवाज दुकानातून बाहेर, हॉटेलपर्यंत, तिथून पुढं गेला.

"जरा घोगरा झालाय," आश्रुबा म्हणाला.

"वाजवा," बायनाबाई म्हणाली. तिनं पदरानं तोंड पुसलं, आणि डोळेही पुसून घेतले.

मार्चमध्ये भगवानराव गुरुजी घरी आले. आधी उन्हाविषयी बोलले, मग शाळेविषयी. चहा आल्यावर म्हणाले, "परभणीला जयंतीचा मोठा कार्यक्रम हाय. मशीनवर तुमी बसा."

"बसते. पन दिवा लाल झाला की बंद करीन. कुनीबी बोलत असलं तरी."

गुरुजींनी चहाचा घोट घेतला. "मी गात असलो तरी?"

"तुमी गात असलात तरी."

गुरुजी विचारात पडले. मंडळी कशी बसलेली असतील, गाणं कितव्या कडव्याला असेल, हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. "बरं," ते म्हणाले, आणि बशीतला चहा संपवला.

दुसऱ्या दिवशी जिनिंगमध्ये तिनं मुकादमाला सांगून ठेवलं, चौदा एप्रिलला सकाळपासून रजा लागेल.

"मिरवणूक तर सांजच्याला असती," मुकादम म्हणाला. "सकाळपासून कशाला?"

"परभणीला जायचंय. मशीनवर बसायचंय."

जिनिंगमध्ये बायकांना मशीनजवळ उभंसुद्धा राहू देत नसत. मुकादमानं तिच्याकडं एकदा बघितलं, मग वैजीनाथकडं बघितलं. वैजीनाथ पट्ट्याला तेल देत होता, त्यानं मान वर न करता सांगितलं, "खरं हाय." मुकादमानं रजा मांडली. बायनाबाई आपल्या जागी जाऊन बसली आणि समोरचा कापूस निवडायला लागली.