पाणी देताना

आमच्या चिंचणीत तेव्हा गल्लोगल्ली ठोकाठोक ऐकू यायची. दागिन्यांवर नक्षी उठवायला सोनारांना पोलादाचे ठसे लागतात. त्यांना आम्ही डाय म्हणतो. त्या कोरणारे कारागीर गावात पुष्कळ होते आणि माझ्या बाबांच्या मते त्यांत बाबांसारखा दुसरा नव्हता. मऊ पोलादावर छिन्नीने नक्षी कोरायची, मग ते भट्टीत लाल करून मिठाच्या पाण्यात बुडवायचं, की ते कडक होतं. ह्याला पाणी देणं म्हणतात. कित्येक दिवसांची मेहनत त्या एका क्षणात तरते किंवा फुटते. म्हणून त्या वेळी बाईमाणूस आसपास नको, असा नियम. बाईची सावली पडली की पोलादाला तडा जातो म्हणे. भट्टी पेटली की मला अंगणात हाकलायचे, शेजारच्या कोंबडीला हाकलतात तसं.

मी इंजिनिअर झाले ती त्याच रागातून. ऐंशीच्या दशकात मेकॅनिकलच्या वर्गात मुलगी म्हणजे फुकटचा तमाशा. तो सोसला आणि पुढे संशोधनालाही हाच विषय घेतला: तापलेलं पोलाद पाण्यात पडलं की त्यातली उष्णता कुठून आणि किती वेगाने बाहेर पडते. लाल पोलादाभोवती आधी वाफेचं पांघरूण धरतं. ते जिथे फाटतं तिथे पाणी थेट पोलादाला भिडतं, तेवढा भाग झटकन थंड होतो, बाकीचा गरमच राहतो, आणि ह्या ओढाताणीत तडा जातो. सावलीचा काही संबंध नाही. सुट्टीत घरी हे समजावून सांगितलं तर बाबा म्हणाले, "चार बुकं वाचली, आता भट्टीला अक्कल शिकवते." मला त्यांच्याकडून एवढंच हवं होतं, एकदा भट्टीपाशी उभं राहू द्यावं.

आणि एका दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी स्वतः हाक मारली. "ये गं आत. एवढी शिकलीस, बघ तरी." शेजारचे दोन कारागीर आधीच येऊन बसले होते. मोठ्या पेंडंटची डाय होती, वेलबुट्टीची, नाजूक. मी चपला दाराशी काढल्या आणि देवळात शिरावं तशी आत गेले. धुराने डोळे चुरचुरत होते, पण मी इतकी खूश होते की पुसायचंही सुचलं नाही. बाबांनी सांडशीत धरलेली लालबुंद डाय पाण्यात सोडली. चर्र झालं आणि मागोमाग बारीकसा टक्.

त्या आवाजाचा अर्थ तिथे सगळ्यांना कळत होता. बाबांनी डायकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "बघितलंत? म्हणून हिला आत घेत नव्हतो. हट्टच धरून बसली."

हट्ट मी धरलाच नव्हता. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. त्यानंतर मी रस्त्याने जाताना दिसले की कारागीर भट्टीच्या खोलीचं दार ओढून घ्यायचे. मावशीने तर माझ्या आईला सुचवलं, हिला सुट्टीत डहाणूला माझ्याकडेच ठेव. भंगारात टाकलेली ती डाय मी उचलून बॅगेत घातली आणि घराबाहेर पडले.

प्रयोगशाळेत मी ती कापली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. तडा एका पानाच्या टोकापासून सुटला होता. तिथे छिन्नी घसरून खोल, धारदार ओरखडा पडला होता. असल्या बारीक खाचेपासूनच पोलाद फाटतं. म्हणजे चूक पाण्याची नव्हती आणि माझी तर नव्हतीच. बाबांचा हात चुकला होता. त्यांना दिसेनासं होत चाललंय हे तेव्हा घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

संशोधनाची पदवी मिळाली तोवर काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले होते. ओटीवर बसून असायचे. मी कापलेली अर्धी डाय त्यांच्या हातात दिली, त्यांचं बोट धरून त्या ओरखड्यावर टेकवलं आणि म्हटलं, "काचेखाली धरून पाहिलंय मी. तडा इथून गेलाय. माझ्या सावलीने नाही."

त्यांनी बोट काढलं नाही.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "छिन्नी घसरली तेव्हाच समजलं होतं."

"मग मला आत का बोलावलंत?"

"फुटली तर दोष द्यायला कोणीतरी लागणार होतं. डोळे गेले असं कळलं असतं तर एकही व्यापारी दारात उभा राहिला नसता." जराही न अडखळता ते बोलत होते. "बाहेरच्याचं नाव घेतलं तर तो भांडायला उठतो. घरातलं माणूस बरं."

मला तो धूर आठवला, दाराशी काढलेल्या चपला आठवल्या. इतकी वर्षं त्या हाकेचं मला कौतुक होतं. तडा गेला तो गेला, पण निदान बोलावलं तरी होतं, असं मी स्वतःला सांगत आले होते.

ते नक्षीवरून अंगठा फिरवत राहिले. मग मान वर करून, मी नव्हते त्या बाजूला तोंड करून त्यांनी विचारलं, "पण काम चांगलं होतं ना गं? तू काचेतून पाहिलंस. वेल कशी होती?"

तसं काम मी पुन्हा कधी पाहिलं नाही. पानाची शीर न् शीर जिवंत होती.

"कच्चं होतं," मी म्हणाले.

त्यांचा अंगठा थांबला. मी डाय त्यांच्या हातातून काढून घेतली आणि आत चहा टाकायला गेले.