दोनदा वाजलेला एक

साऱ्या पुणे जिल्ह्यात वेळेला एवढा घाबरणारा माणूस दुसरा नसेल, आणि तो नेमका माझ्याच वाट्याला दीर म्हणून आला. मी लग्न होऊन शिरूरला आले तेव्हा हे धाकटे भावजी पुण्याच्या एका कंपनीत मेनफ्रेम नावाच्या अगडबंब कॉम्प्युटरवर नुकतेच लागले होते. कॉम्प्युटर अमेरिकेच्या कामाचा, राखण आमच्या भावजींची. तिकडे म्हणे उन्हाळ्याआधी सगळा देश घड्याळं तासभर पुढे करतो आणि थंडीच्या तोंडावर मागे घेतो. त्या दिवशी मशीनचं घड्याळ सांभाळायचं ते यांनी. मला तेव्हा अक्कल बेताची आणि आवाज मोठा. भर बाजारात मी भाजीवालीला सांगितलं, "आमच्या भावजींनी हात लावल्याशिवाय अमेरिकेत दिवस उजाडत नाही." पुढच्या बाजाराला ती बाई भिंतीवरचं घड्याळ फडक्यात गुंडाळून दारात हजर. "तुमच्या दिराला म्हनावं, ह्ये बी बघा की. धा वाजलं की अडकतंय." आणि मी शहाणीने ते ठेवूनही घेतलं! भावजींनी गुपचूप नवा सेल घातला आणि माझी अब्रू राखली.

पुढे ते दौंडला घर बांधून राहिले, तरी डोक्यातली अमेरिका काही गेली नाही. "एक वाजता जेवायला या" म्हटलं की विचारायचे, "पहिला एक की दुसरा?" कारण थंडीत घड्याळ मागे घेतलं की तिकडे एक ते दोन हा तास दोनदा येतो. मार्चमध्ये उलटं, एक तास गायबच. "अडीचला एक काम लावलं होतं, वहिनी," ते एकदा मला सांगत होते, "अन् त्या दिवशी अडीच वाजलेच न्हाईत. काम आपलं वाट बघत बसलं." एस.टी. स्टँडवर विसरलेल्या पोराबद्दल बोलावं असा आवाज. आणखी एक खोड म्हणजे पाव खायचा नाही. मिसळ भाकरीबरोबर, वडा नुसता. दौंडातल्या हॉटेलवाल्याने त्यांचं नावच 'बिनपाव' ठेवलं होतं. कारण विचारलं तर कान लाल व्हायचे.

पण सगळ्यात मोठी खोड नोव्हेंबरातल्या पहिल्या रविवारची. दोनदा येणारा तो तास मशीनने दोनदा जगू नये म्हणून पूर्वी ते तासभर बंद ठेवत. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेअकरा. आता मशीन हे सगळं आपलं आपण बघतं, भावजीही निवृत्त झाले. तरी त्या रविवारी साडेअकरा ते साडेबारा ते कॉटवर, हात गुडघ्यांवर, स्वतःच बंद. बोलणं नाही, पाणी नाही. जाऊबाई होत्या तोवर घरातल्या घरात खपून जायचं.

त्या गेल्यावर त्यांच्या मुलीला, सोनालीला बघायला कारेगावचे पाहुणे यायचे होते, ते नेमके त्याच रविवारी. पोराला ती कंपनीच्या बसमध्ये भेटली होती, मनातून ठरवून बसली होती. राहिला होता त्याच्या आजोबांचा, आबांचा होकार. नऊला येणारी गाडी चौफुल्यावर पंक्चर झाली आणि माणसं दारात आली तेव्हा भावजी नुकतेच बंद पडलेले.

आबांनी राम राम घातला. उत्तर नाही. पुन्हा घातला. भिंत बरी!

"पावनं बोलंनात का?" आबांनी मला विचारलं. "सोयरिक पसंत न्हाई का काय?"

स्वयंपाकघराच्या दारात सोनालीचा चेहरा पांढरा पडला. माझी जीभ तर जन्माची सुटलेली. मी म्हटलं, "तसं नाही हो आबा. मौनव्रत असतं त्यांचं. वर्षातून एकदा."

"आगं बया, सादूमान्सं!" आबा म्हणाले आणि त्यांनी नातवाची मान धरून भावजींच्या पायावर घातली. मग आबाही मांडी घालून गप्प बसले. त्यांच्या धाकाने सगळेच. पोहे गार झाले, बाहेर मालगाडी गेली, आणि भावजींचे कान चुलीतल्या निखाऱ्यासारखे होत गेले. मी लुगड्याचा काठ चाळवत मनात म्हटलं, धरणीमाते, पोट उघड.

साडेबारा वाजले. भावजींनी घसा खाकरला. "आबा, ह्ये व्रत न्हाई," ते म्हणाले. "लाज हाय."

आणि मग त्यांनी कुणालाच कधी न सांगितलेलं सांगितलं. एका वर्षी त्यांना वाटलं, एका तासाने काय होतंय, आणि त्यांनी मशीन बंदच केलं नाही. एक ते दोनची सगळी कामं दोनदा झाली. त्यांत एका पाववाल्या कंपनीच्या ऑर्डरी होत्या. कुठल्याशा गावांना दुप्पट पाव गेले. "खाल्ले नसतील एवढे कुनी. टाकले असतील."

"कुनी वरडलं तुमाला?"

"न्हाई. साहेब हसले."

आबा म्हणजे जन्म मेंढरांमागे काढून उतारवयात शेतीला लागलेला माणूस. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुमी लई सोंगाडी. पर ह्यांच्या घरची पोरगी आमाला पायजे." मला मात्र तेव्हा मान वर करता आली नाही. मी ज्याला साधू म्हणून खपवायला निघाले होते, त्याला तसा खपायचाही संकोच होता.

सोनाली कारेगावला नांदते आहे. मागच्या नोव्हेंबरात त्या रविवारी मी मुद्दाम दौंडला गेले. म्हटलं, एकटेच असतील. साडेअकराला सोनालीचा फोन आला. भावजींनी तो उचलला, कॉटवर आपल्याशेजारी उताणा ठेवला, आणि हात गुडघ्यांवर घेतले. फोनमधून कुकरच्या शिट्ट्या येत होत्या, कुणाची तरी गाडी चालू होत नव्हती, मध्येच बांगड्यांचा आवाज. बोलत कुणीच नव्हतं. मीसुद्धा नाही, हे लिहून ठेवण्यासारखं आहे. पुढे साडेबारा वाजले, आणि तरी कितीतरी वेळ त्या दोघांपैकी आधी कुणी बोलेना.