पाळकसाहेबांची कुजबूज

देवाला घरातली खडान्‌खडा हकीकत सांगणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण डब्यात हळद किती उरली आहे आणि कोणत्या पायातल्या चपलेचा अंगठा तुटला आहे इथपर्यंत त्याला कळवणारा माणूस आखाडा बाळापुरात एकच होऊन गेला, आणि तो माझा शेजारी होता. आमची दोन घरं म्हणजे खरं तर एकाच लांबट घराचे दोन तुकडे. घरमालकानं विटा वाचवायच्या म्हणून मधली भिंत पुरुषभर उंचीवर थांबवली होती. वरचा पत्रा दोघांत मिळून एकच. त्यामुळे त्यांच्याकडच्या फोडणीनं आम्हाला शिंका येत आणि आमच्याकडच्या भांडणानं त्यांच्याकडे प्रार्थना सुरू होई. नव्वदीच्या सुरुवातीला हे गृहस्थ जालन्याकडून बायको, सायकल आणि एक पत्र्याची पेटी घेऊन आमच्या गल्लीत राहायला आले. गल्ली त्यांना पाळकसाहेब म्हणे आणि त्यांच्या बायकोला पाळकीणबाई. शहरातल्या कुठल्याशा ख्रिस्ती संस्थेनं त्यांना धर्मसेवेसाठी इकडे पाठवलं होतं. पाठवल्यावर संस्थेला त्यांची आठवण होती, पण ती सणावारी येणाऱ्या लांबच्या मामासारखी. एरवी कळमनुरीकडच्या तांड्यांवरची पाच-सहा विश्वासी कुटुंबं दर दळणाला मूठभर ज्वारी बाजूला काढत आणि रविवारच्या उपासनेला ती फडक्यात बांधून आणत. त्या मुठींवर आणि देवावर या दोघांचा संसार चालायचा.

पाळकसाहेबांचा नेम एकच होता, आणि तो ते छाती पुढे काढून सांगत. ‘‘मास्तर, माणसापुढे हात पसरायचा नाही. चाकर ज्याचा, मागणं त्याच्याकडे.’’ त्यांनी कधी उसनं मागितलं नाही, वर्गणीचं पुस्तक फिरवलं नाही, की कुणाजवळ अडचणीचा सूर काढला नाही. फक्त एक घोटाळा होता. लहानपणी तापात त्यांचा एक कान गेला होता आणि दुसराही नावालाच उरला होता. समोर बसून बोललं तर ओठांवरून त्यांना सगळं कळे, म्हणून हे कुणाच्या चटकन लक्षात येत नसे. पण स्वतःच्या आवाजाचा अंदाज त्यांना मुळीच नव्हता. पहाटे गुडघे टेकून ते देवाशी कुजबुजत. निदान आपण कुजबुजतो आहोत अशी त्यांची समजूत होती. ती कुजबूज समोरच्या गयामावशीच्या किराणा दुकानात स्वच्छ ऐकू जाई, आणि वारा त्या बाजूचा असला तर स्टँडवरचा चहावालाही ऐकत असे.

‘‘हे प्रभू, तेल संपलं. करडईचं जमलं तर बघ, सरकीच्या तेलानं हिला खोकला येतो. घाई नाही, पण दुपारपर्यंत कर काहीतरी.’’

दुपारच्या आत गयामावशी पदराखाली तेलाची बाटली घेऊन हजर. पाळकसाहेब बाटलीकडे बघत, मग वर पत्र्याकडे बघत आणि दोन्ही हात पसरून म्हणत, ‘‘धन्य आहेस प्रभू! सांगायचा अवकाश!’’ मावशी म्हणजे तोंडानं फटकळ बाई, तिच्या उधारीच्या तगाद्याला भलेभले वचकून असत. ती उंबऱ्यातच कमरेवर हात ठेवून म्हणे, ‘‘आन् मी काय भिताड हाय व्हय मधात?’’ मग पाळकसाहेब तिच्याजवळ येऊन फार कुतूहलानं विचारत, ‘‘मावशी, मला तेल लागणार हे देवानं तुम्हाला सुचवलं तरी कसं?’’ मावशी चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगे, ‘‘काय की बाप्पा. सकाळपासून मनात नुस्तं तेल तेल व्हऊन राहिलं.’’ हे उत्तर पाळकसाहेब रविवारी तांड्यावर देवाच्या कृपेची साक्ष म्हणून सांगत.

एकदा त्यांनी चपला मागितल्या, नऊ नंबरच्या. संध्याकाळपर्यंत तीन घरांतून तीन जोड आले, कारण गल्लीनं आपसात विचारपूस केली नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे भिंतीवरून आवाज आला, ‘‘प्रभू, पुरे. तुझी उदारता समजली, पण पाय तू आम्हाला दोनच दिलेस.’’ आमची ही पोटावर हात धरून हसली. पण हसलो तरी ते भिंतीच्या अलीकडेच. त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो हे पाळकसाहेबांना सांगायचं नाही, असं कुणी ठरवलं नव्हतं, तरी ते सगळी गल्ली पाळत होती. पोरांनी नक्कल केली तर आया धपाटा घालत. पाळकीणबाईंना अर्थातच सगळं ठाऊक होतं. आमच्या हिला त्या एकदाच म्हणाल्या, ‘‘त्यांचा केवढा आनंद असतो त्यात. राहू द्या.’’

या प्रार्थनेतून मीही सुटलो नाही. मी शाळामास्तर, आणि माझा राग पंचक्रोशीत प्रसिद्ध. एका पहाटे ऐकतो तर काय, ‘‘प्रभू, शेजारच्या मास्तरांचा राग तेवढा कमी कर. माणूस सोन्यासारखा आहे, पण लेकरं त्यांना बघून शाळेचा रस्ता बदलतात.’’ मी ताडकन उठलो. ही अंथरुणातूनच म्हणाली, ‘‘जा की. भांडा. म्हणा, देवाला सांगितलं ते मला काहून ऐकू आलं?’’ आता दुसऱ्याच्या प्रार्थनेवर भांडायला जाणार कसं? त्या दिवशी मी वर्गात छडी उचलली आणि उगीचच खाली ठेवली. असं पुढे बऱ्याचदा झालं.

कावळ्यांवर त्यांचा विशेष जीव. कोण्या एका संदेष्ट्याला रानात कावळ्यांनी भाकरी आणून दिली होती, त्या उपकाराची फेड पाळकसाहेब बाळापुरातल्या कावळ्यांना रोज करत. ताटातला पहिला घास पत्र्यावर जायचा, मग ताटात दुसरा घास असो नसो. ‘‘आपल्या खात्यातली जुनी माणसं आहेत ही, मास्तर,’’ असं ते म्हणत. याचा परिणाम असा झाला की गावातले यच्चयावत कावळे आमच्या पत्र्यावर वस्तीला आले. पितृपंधरवड्यात सगळ्यांचे घास शिवायचे राहू लागले, तेव्हा बायका पानं घेऊन थेट पाळकसाहेबांच्या दारात येऊ लागल्या. पाळकसाहेबांनी ती पानं मोठ्या अदबीनं पत्र्यावर ठेवून दिली. धर्माचा मुद्दा कुणीच काढला नाही. कावळ्यांनी तर मुळीच नाही.

हिंगोली जिल्हा झाला त्या सुमारास संस्थेचे एक पाहुणे जीप घेऊन आले. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कॅमेरा, बोलणं गोड. सेवेसाठी पाठबळ कसं उभं करायचं हे गावोगावच्या सेवकांना शिकवायचं त्यांचं काम. हितचिंतक जोडा, दर महिन्याला कळवा, सोबत फोटो धाडा, असं ते समजावत होते. फोटोसाठी त्यांनी पाळकसाहेबांना पडक्या न्हाणीपाशी उभं केलं आणि चेहरा जरा ओढलेला ठेवायला सांगितलं. बटण दाबताना पाळकसाहेबांना नेमकं हसू फुटलं. ‘‘रडका चेहरा पाठवला, तर देव पुरवतो यावर कोण विश्वास ठेवील?’’ ते म्हणाले. पाहुण्यांनाही हसू आलं. रात्री जेवताना त्यांनी पाळकसाहेबांच्या भरवशाचं तोंडभर कौतुक केलं.

पहाटे मात्र पाळकसाहेबांनी नेहमीसारखं देवाला सांगितलं, की पाहुणा घरात आहे आणि चहाला दूध-साखर नाही. थोड्या वेळानं आमची ही मागच्या दारानं दूध ठेवून आली, मावशीनं साखरेची पुडी पाठवली. पाहुणे मागच्या अंगणात दात घासत होते. त्यांनी सगळं पाहिलं. मग चहाच्या वेळी भिंतीवरून मला पाहुण्यांचा आवाज आला. कसलाही कडवटपणा नव्हता त्यात, थट्टाच होती. ‘‘अहो, देवाच्या आधी गल्ली ऐकते तुमचं. याला भरवसा नाही म्हणत. हे तर देवाच्या नावानं लोकांकडे मागणं झालं.’’ जीप गेल्यावर पाळकसाहेब माझ्या दारात आले आणि माझ्या ओठांकडे बघत उभे राहिले. ‘‘मास्तर, खरं सांगा. माझा आवाज येतो तुमच्याकडे?’’ मला राग लगेच येतो, खोटं मात्र धड येत नाही. मी म्हणालो, ‘‘कधीमधी.’’ मग ते समोर गेले. मावशी ज्वारी पाखडत होती. ती आपली सरळ बोलून गेली, ‘‘व्हय तर! स्टँडापोत जातो. काहून?’’

इतक्या वर्षांच्या साक्षी त्या माणसानं तिथल्या तिथे मनात उलगडून पाहिल्या असतील. तेल, चपला, हिवाळ्यातली गोधडी. लाज वाटली त्यांना, आपण आयुष्यभर भीक मागितली असं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून भिंतीपलीकडची पहाट मुकी झाली. आता ते मनातल्या मनात मागत, आणि पाळकीणबाईंकडूनही त्यांनी वचन घेतलं की घरातलं घरात राहील.

आणि आम्ही काय समजलो? जीपवाले येऊन गेले, आता साहेबांचं बरं चाललेलं दिसतं, असं समजलो. सायकल दिसेनाशी झाली, तर म्हणाले, चालल्यानं गुडघे मोकळे राहतात. संध्याकाळी दिवा लागेना, तर म्हणाले, अंधारात ध्यान चांगलं लागतं. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर शंका आली असती. पण हा तर कावळ्यांना खात्यातली माणसं म्हणणारा माणूस. आम्ही हसलो आणि त्यांच्या लहरींत आणखी दोन लहरी जमा केल्या. त्या साली तांड्यावरची माणसं ऊसतोडीला लवकर निघून गेली होती आणि मुठीची ज्वारीही बंद झाली होती. ते आमच्या ध्यानातच आलं नाही. पाळकीणबाईंच्या पायांवर सूज दिसे. आमच्या हिनं विचारलं तर ‘‘वात आहे’’ म्हणाल्या. एवढ्या शांततेत त्यांची धाप तेवढी भिंतीवरून ऐकू यायची.

एके सकाळी नळावर पाळकीणबाईंना घागर उचलवेना. त्या तिथेच बसल्या, त्या उठल्याच नाहीत. गयामावशीनं आरडाओरडा केला आणि बघता बघता भाड्याची जीप आली, कुणी पैसे दिले, कुणी गादी दिली, मी सोबत नांदेडला गेलो. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं फार अंगावर काढलं, आधी आणायला हवं होतं. आठवडाभरात त्या गेल्या.

माती देऊन परत आल्यावर गल्ली पाळकसाहेबांच्या अंगणात बसली होती. कुणी पिठलं-भाकरी आणली होती, कुणी ज्वारीची पायली. पाळकसाहेब त्या भाकरीकडे बघत म्हणाले, ‘‘मी सांगितलं होतं त्याला. रोज सांगत होतो. मनात.’’ गयामावशी त्यांच्या पुढ्यात जाऊन बसली, ओठ नीट दिसावेत म्हणून तिनं डोक्यावरचा पदर मागे सारला. ‘‘त्याला ऐकू गेलं असंल साहेब,’’ ती म्हणाली. ‘‘पर त्यानं तुमाला येवढा मोठा आवाज देला आन् आमाला दाराशी ठिवलं, ते कशापायी? तुमी त्याला बोलायचे, आमाला ऐकू यायचं. बराबर चाललं होतं की त्याचं. मधीच तुमी काहून बंद केलं?’’ पाळकसाहेबांनी मान खाली घातली, आणि मान खाली घातल्यावर त्यांना कुणाचंच ऐकू येत नसे. मावशी तरीही बोलत राहिली. त्या पाहुण्याला हे वाक्य ऐकवायला मिळालं असतं तर, असं मला अजून वाटतं. आम्हीच कधीतरी शांतपणे हे पाळकसाहेबांना सांगितलं असतं तर, असंही वाटतं.

नंतर ते जालन्याकडे बहिणीच्या गावी जायला निघाले. सगळी गल्ली स्टँडवर होती. सामान म्हणजे ती पत्र्याची पेटी तेवढी. एसटी लागली, तसे ते पायरीवर चढले, वळले आणि डोळे मिटून प्रार्थना करू लागले. आणि मोठ्यानं! तोच आवाज, कितीतरी महिन्यांनी. चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला. कंडक्टरनं घंटीच्या दोरीवरचा हात काढला. ‘‘प्रभू, मावशीच्या गुडघ्यांना आराम दे. मास्तरांच्या पोराला यंदा नोकरी लागू दे. मास्तरांचा राग आता पुष्कळ कमी झालाय, उरलेला तेवढा बघ. कावळ्यांना विसरू नको...’’ एकेक घर घेत ते गल्लीच्या टोकापर्यंत गेले. आम्ही कान टवकारून उभे होतो. माझा हात खिशात होता, मावशीनं कनवटीची गाठ सोडून पैसे मुठीत धरले होते. आता म्हणतील, प्रवासाला हे हवं, आता म्हणतील, हिवाळा येतोय. काहीही मागितलं असतं तरी त्या पायरीवर ढीग घातला असता आम्ही.

पाळकसाहेबांनी आमेन म्हटलं, डोळे उघडले, सगळ्यांकडे बघून हसले आणि आत जाऊन बसले. स्वतःसाठी त्यांनी काहीच मागितलं नव्हतं. गाडी वळून दिसेनाशी झाली तरी मावशीची मूठ मिटलेलीच होती.